वर्गातलं गप्प मूल: लहान मुलांच्या बोलण्या-समजण्यातल्या अडचणी शिक्षकांनी कशा ओळखाव्यात

दंगा करणारं मूल पहिल्या आठवड्यातच सगळ्या शाळेला ठाऊक होतं. गप्प बसणारं मूल मात्र दिवाळीची सुट्टी आली तरी कुणाच्या लक्षात येत नाही. ते रडत नाही, मारामारी करत नाही, सांगितलं तिथे बसतं. वर्णनात्मक नोंदीत त्याच्या नावापुढे ‘शांत व शिस्तप्रिय’ असं लिहिलं जातं आणि वर्ष सरतं. यातली काही मुलं स्वभावानेच अबोल असतात, त्यांचं काही बिघडलेलं नसतं. पण काहींना बाईंचं बोलणं नीट ऐकू येत नाही, काहींना ऐकू येऊनही कळत नाही, काहींना मनातलं वाक्य जुळवता येत नाही. बाहेरून ही सगळी मुलं सारखीच दिसतात.

अंगणवाडी सेविका, बालवाडीच्या ताई आणि पहिली-दुसरीला शिकवणारे शिक्षक यांच्यासाठी हे लिहितो आहे. निदान करणं आपलं काम नाही, ते स्पीच थेरपिस्टचं आणि डॉक्टरांचं. पण मुलाला रोज काही तास, त्याच्याच वयाच्या इतर मुलांच्या सोबतीने बघणारी माणसं तुम्हीच. डॉक्टरांसमोर मूल दहा मिनिटं असतं, तेही परक्या खोलीत, आईला बिलगून. तिथे ते बोललंच नाही, तर त्यांनी ठरवायचं कशावरून? अशा वेळी तुमच्या वहीतल्या चार ओळी फार मोलाच्या ठरतात.

पहिली पायरी: नेमकं काय बघायचं ते मनात पक्कं करा

‘बोलत नाही’ या एका तक्रारीत पाच वेगळ्या गोष्टी दडलेल्या असू शकतात: ऐकणं, समजणं, शब्द आणि वाक्यं जुळवणं, उच्चार व बोलण्याचा ओघ, आणि दुसऱ्या माणसाशी देवाणघेवाण करण्याची ओढ. उच्चाराची अडचण कानाला लगेच कळते. मूल बोबडं बोलतं हे शेजारणीलाही समजतं. तोतरेपणाही लपत नाही. सगळ्यात जास्त निसटते ती समजण्याची अडचण, कारण ती बोलण्यात दिसत नाही, वागण्यात दिसते. सूचना न कळलेलं मूल ‘ऐकत नाही’ ठरतं, गोष्ट न कळलेलं मूल ‘लक्ष देत नाही’ ठरतं आणि प्रश्न न कळलेलं मूल ‘मंद’ ठरतं.

ऐकणं व्यवस्थित आहे, ऑटिझम (म्हणजे इतरांशी संवाद आणि देवाणघेवाण जड जाणारी मेंदूच्या विकासातली अवस्था) किंवा बौद्धिक अक्षमतेसारखं दुसरं कारण नाही, तरीही भाषा शिकायला खूप जड जातं अशी मुलं असतात. याला विकासात्मक भाषा विकार म्हणतात. इंग्लंड-अमेरिकेतल्या पाहण्यांत पाच-सहा वर्षांच्या मुलांमध्ये याचं प्रमाण शंभरात सातच्या आसपास आढळलं. म्हणजे तीस मुलांच्या वर्गात साधारण दोन. इतकी सर्रास आढळणारी गोष्ट असूनही आपल्याकडच्या बहुतेक शिक्षकांच्या कानावर तिचं नावही आलेलं नसतं, याचं मला फार वाईट वाटतं. ही मुलं पुढे वाचनात मागे पडतात, आणि तेव्हा शोध सुरू होतो तो वाचनाचा. मुळातली भाषेची अडचण तशीच राहते.

दुसरी पायरी: वयाचे ढोबळ टप्पे लक्षात ठेवा

प्रत्येक मूल आपल्या गतीने बोलतं हे खरं. पण त्या गतीलाही सीमा असते. वर्षाच्या आसपास मूल नावाने हाक मारली की वळून बघतं, हवं ते बोटाने दाखवतं. दीड वर्षाचं काही शब्द बोलतं. दोन वर्षांचं ‘बाबा गेले’, ‘अजून दूध’ असे दोन शब्द जोडतं. तिसऱ्या वर्षी छोटी वाक्यं येतात आणि घरच्यांना त्याचं बरंचसं बोलणं कळतं. चार वर्षांच्या मुलाचं बोलणं परक्या माणसालाही बहुतांशी कळायला हवं. पाचव्या वर्षी त्याने घडलेली गोष्ट थोडक्यात सांगायला हवी: काल कुठे गेलो, काय झालं, मग काय झालं.

उच्चारांमध्ये घाई नको. र, ळ आणि जोडाक्षरं उशिरा येतात; पाच वर्षांच्या मुलाने ‘राजा’ला ‘लाजा’ म्हटलं तर थांबायला हरकत नाही. पण चार वर्षं उलटूनही ‘काका’चं ‘ताता’ आणि ‘गाडी’ची ‘दाडी’ होत असेल, किंवा निम्मं बोलणं कळतच नसेल, तर दाखवायला हवं. आवाज सतत नाकातून येत असेल किंवा कायम घोगरा असेल, तर वय न बघता डॉक्टरांकडे पाठवा.

व्याकरणाची प्रत्येक चूक काळजीची नसते. तीन वर्षांचं मूल ‘मी केलं’ऐवजी ‘मी करलं’ म्हणतं, तेव्हा खरं तर त्याने भाषेचा नियम स्वतः शोधून काढलेला असतो. असं मूल छान शिकतंय. उलट पाच वर्षांचं मूल ‘आई बाजार गेली’, ‘दादा मी मारलं’ असं प्रत्यय गाळून बोलत असेल, कुणी कुणाला मारलं ते त्याच्या वाक्यातून उलगडत नसेल, तर तिथे थांबून बघा.

एक सूचना फार जपून पाळा. बोलीला दोष समजू नका. खानदेशात, वऱ्हाडात ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, कितीतरी घरांत ‘पाणी’ला ‘पानी’ आणि ‘शाळा’ला ‘साळा’ म्हणतात. मुलाची आई कशी बोलते ते ऐका. आई तसंच बोलत असेल तर मुलाचा उच्चार अगदी बरोबर आहे.

तिसरी पायरी: आधी कान

कुठल्याही अडचणीत पहिला प्रश्न ऐकण्याचा. मूल पूर्ण बहिरं नसतं, दार आपटलं की दचकतं, म्हणून घरचे निर्धास्त असतात. पण कमी ऐकू येणाऱ्या मुलालाही मोठा आवाज कळतोच. त्याला निसटतात ते स, श, फ असे हलके आवाज आणि शब्दांचे शेवट. मराठीत एकवचन-अनेकवचन, स्त्रीलिंग-पुल्लिंग, कुणी-कुणाला हे सगळं शब्दाच्या शेवटाकडेच असतं. ते ऐकूच आलं नाही तर बोलण्यात येणार कुठून?

लहान मुलांत सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साठणं हेही नेहमीचं कारण. कान दुखत नाही, वाहत नाही, बाहेरून काही दिसत नाही. नुसतं ऐकणं मंदावतं, काही आठवडे राहतं, सुधारतं आणि पुढच्या सर्दीला पुन्हा येतं. पावसाळ्यात अचानक ‘दुर्लक्ष’ करू लागलेल्या मुलाबद्दल हा विचार आधी करा.

वर्गात करून बघण्याजोगी एक साधी चाचणी आहे. डॅनियल लिंग या तज्ज्ञाने बोलण्यातल्या जाड स्वरापासून बारीक स्वरापर्यंतचे सहा आवाज निवडले: आ, ऊ, ई, म्, स्, श्. शांत जागी मुलाच्या मागे दोन-तीन हात अंतरावर उभे राहा, म्हणजे त्याला तुमचे ओठ दिसणार नाहीत. एकेक आवाज नेहमीच्या बोलण्याइतकाच मोठा काढा. आवाज ऐकू आला की मुलाने मणी डब्यात टाकायचा, एवढाच खेळ. आधी समोरून दाखवून खेळ नीट समजावून द्या. मध्येच काही वेळ गप्प राहा, म्हणजे मूल अंदाजाने मणी टाकतंय का ते कळेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. स् आणि श् वारंवार सुटत असतील तर कानाची तपासणी हवीच. मात्र सगळे आवाज ऐकू आले म्हणजे कान ठीक, असं याचं उत्तर नाही. बाकी लक्षणं दिसत असतील तर तरीही पाठवा. खरी तपासणी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकणं तपासणारे तज्ज्ञ, करतात. आवाजाला मेंदू कसा प्रतिसाद देतो ते यंत्राने मोजणारी ‘बेरा’ चाचणी अगदी लहान मूल झोपलेलं असतानाही होते, त्यामुळे ‘अजून लहान आहे, तपासता येणार नाही’ हे कुणी म्हटलं तरी मानू नका.

चौथी पायरी: दोन आठवडे बघा आणि लिहा

शंका आली की एक वही करा आणि रोज दोन-तीन ओळी लिहा. मत लिहू नका, घडलं ते लिहा. ‘लक्ष नसतं’ ही नोंद कुणाच्याच कामाची नाही. ‘१२ ऑगस्ट. “वही दप्तरात ठेव आणि दाराजवळ उभा राहा” असं सांगितलं. दप्तर घेऊन जागेवरच उभा राहिला. हाताने खूण केल्यावर दाराकडे गेला’ ही नोंद वाचून थेरपिस्टला बरंच काही कळतं. मुलाची वाक्यं जशीच्या तशी उतरवा, सुधारून नाही.

समजण्याची अडचण असलेली मुलं एक युक्ती शिकलेली असतात. ती शेजारच्याकडे बघून करतात. सगळ्यांनी वही काढली की तीही काढतात, सगळे हसले की हसतात. म्हणून वर्गाला एकत्र सूचना द्या आणि कोण क्षणभर उशिरा, इकडेतिकडे बघून हलतंय ते टिपा. मग त्याच मुलाला एकट्याला, हातवारे न करता, डोळ्यांनीही न सुचवता तशीच सूचना द्या. ‘चेंडू टेबलाखाली ठेव’, ‘हात धुण्याआधी डबा काढ’. ‘खाली’, ‘मागे’, ‘आधी’, ‘नंतर’, ‘सोडून बाकी सगळे’ अशा शब्दांवर चाचपडतंय का बघा. आपण बोलताना किती खुणा करतो हे या प्रयोगात आपल्यालाच कळतं.

प्रश्न विचारूनही बघा. ‘हे काय?’ ला उत्तर येतं, पण ‘कुठे?’, ‘कोणी?’, ‘का?’ ला भलतंच येतं किंवा तुमचाच प्रश्न परत ऐकू येतो, असं होतं का? मधल्या सुट्टीत ते कोणाशी खेळतं? पळापळीचे खेळ खेळतं, पण ‘घर-घर’, ‘डॉक्टर-डॉक्टर’ सुरू झालं की बाजूला होतं का? भांडण झालं की तोंडाऐवजी हात चालतो का? शब्द सापडत नाहीत तेव्हा ढकलणं हीच भाषा होते. माझ्या मते ‘मारकुटा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रत्येक लहान मुलाची भाषा एकदा तपासून घ्यायलाच हवी.

काही गोष्टींत दोन आठवडेही थांबू नका. बोलणाऱ्या मुलाचे शब्द गेले, आधी बोलायचं ते आता बोलत नाही; ऐकू येत असूनही हाकेला वळत नाही, नजर देत नाही, बोटाने दाखवून ‘ते बघ’ असं सुचवत नाही; कान वाहतोय; अशा मुलांना त्याच आठवड्यात पाठवायचं. गृहभेटीत तीन वर्षांखालच्या मुलांमध्ये हे दिसलं तरीही.

अडखळत बोलणाऱ्यांचं थोडं वेगळं आहे. दोन ते पाच या वयात बरीच मुलं ‘म-म-मला’ करतात आणि त्यातली बहुतेक पुढे आपोआप सुधारतात. पण सहा महिन्यांहून जास्त काळ चाललं असेल, शब्द अडकताना चेहरा आवळला जात असेल, मूल बोलणंच टाळू लागलं असेल किंवा घरात आणखी कुणी अडखळत असेल तर वाट बघू नये. ‘सावकाश बोल’, ‘श्वास घे’ म्हणू नका, वाक्य त्याच्या तोंडातून काढून घेऊ नका. त्याचं संपेपर्यंत थांबा आणि काय सांगितलं त्याला उत्तर द्या. हजेरीला एकट्याने ‘उपस्थित’ म्हणणं जमत नसेल तर हात वर केलेला चालेल.

घरी भरभरून बोलणारं आणि शाळेत महिना उलटला तरी एकही शब्द न काढणारं मूल हट्टी नसतं, घाबरलेलं असतं. ‘बोललीस तर चॉकलेट देईन’ या आमिषाने ते आणखी मिटतं. एखाद्या मैत्रिणीशी कुजबुज, मग छोटा गट, असं पुढे जायला हवं. त्याच्याबद्दलही समुपदेशकाशी बोला.

पाचवी पायरी: घरची भाषा विचारा

मेळघाटात मूल कोरकू बोलत येतं, नंदुरबारमध्ये पावरी, भामरागडला माडिया, बंजारा तांड्यावरून गोरमाटी, डहाणूकडे वारली. पुण्या-मुंबईत वर्गात हिंदी, तेलुगू, कन्नड, उर्दू घरं असतात. नव्या भाषेत पडलेलं मूल सुरुवातीचे काही महिने बोलत नाही, फक्त ऐकतं. हा आजार नाही. प्रश्न एकच विचारायचा: घरच्या भाषेत ते भावंडांसारखं बोलतं का? बोलत असेल तर त्याला वेळ आणि मराठीचा सराव हवा. घरच्या भाषेतही अडत असेल तर तपासणी हवी. उत्तरासाठी मदतनीस ताई, आजी, वरच्या वर्गातली बहीण यांना विचारा. त्यांना ती भाषा येते, आपल्याला येत नाही.

आणि ‘घरी मराठीतच बोला’ किंवा ‘इंग्रजीतच बोला’ हा सल्ला कृपा करून देऊ नका. दोन भाषांमुळे भाषेचा विकार होत नाही. आईला जी भाषा सहज येते तीच तिने मुलाशी बोलावी. मोडक्यातोडक्या परक्या भाषेत आई बोलू लागली की घरातलं बोलणंच आटतं.

सहावी पायरी: पालकांशी बोला

शाळा सुटताना, चार बायांच्या समोर हा विषय काढू नका. आईला वेगळं बोलवा, जमलं तर वडिलांना किंवा आजीलाही. निर्णय बहुतेक घरांत एकटी आई घेत नाही. सुरुवात मुलाला काय छान येतं त्यापासून करा, आणि ते मनापासून असू द्या.

‘ताई, तुमचा पोरगा ठोकळ्यांचं घर किती नीट बांधतो, बघितलंत का? मला एक गोष्ट विचारायची होती. मी मागून हाक मारली तर कधी कधी तो वळत नाही. घरी असं होतं का?’

‘होतं की. पण त्याचे वडीलसुद्धा उशिराच बोलले म्हणतात सासूबाई.’

‘असेल तसंही. कान तपासून घेतले तर आपल्या मनाला शंका राहणार नाही. तपासणी सरकारी दवाखान्यात होते. मी चिठ्ठी लिहून देते.’

‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘जीभ जड आहे’, ‘नवस बोललाय’ हे ऐकायला मिळेलच. वाद घालू नका. नवस फेडू द्या आणि तपासणीही करू द्या, दोन्ही चालतं. वेखंड मधात उगाळून जिभेला लावतात. त्याने ऐकू येणं किंवा समजणं सुधारत नाही, आणि वर्षाखालच्या बाळाला मध देऊच नये, एवढं मात्र स्पष्ट सांगा. ‘ऑटिझम’, ‘मतिमंद’ असे शब्द आपण उच्चारायचे नाहीत. आपण फक्त काय दिसलं ते सांगायचं. मोबाइलवरून आईला दोष देऊ नका. तासन्‌तास पडद्यासमोर बसल्याने बोलणं-ऐकणं कमी होतं हे सांगून त्या वेळात काय करता येईल ते सुचवा.

सातवी पायरी: पाठवायचं कुठे

मुलांची आरोग्य तपासणी करणारा सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येणं अपेक्षित आहे. ऐकण्यातला दोष, भाषेचा विलंब आणि ऑटिझम या गोष्टी त्यांच्या तपासणीत येतात. पण पथकासमोर शंभर मुलं रांगेत असतात. म्हणून ते येण्याआधी तुमच्या मुलांची यादी आणि वही तयार ठेवा, डॉक्टरांच्या हातात द्या. पथक लवकर येणार नसेल तर आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत थेट पाठवा. पुढची तपासणी जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात होते. ते बहुधा जिल्हा रुग्णालयाच्या आवारात असतं.

शाळेतल्या शिक्षकांनी केंद्रप्रमुखांमार्फत गट साधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना कळवावं. अंगणवाडीसाठी केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग मुलांबाबतची कार्यपद्धती जाहीर केली आहे. ओळखणं, सामावून घेणं आणि पुढे पाठवणं हे तिचे भाग आहेत. पर्यवेक्षिकेशी बोलताना तिचा आधार घ्या. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था आहे, तिथे तपासणी आणि उपचार दोन्ही होतात. दिव्यांगांना साहाय्यक साधनं देणाऱ्या केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून श्रवणयंत्रं मिळतात आणि पात्र लहान मुलांना कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र, हेही मिळतं. त्याला वयाची अट आहे, म्हणून इथे एकेक महिना महत्त्वाचा. खासगी थेरपिस्ट गाठायचा असेल तर भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी आहे का ते पालकांना विचारायला सांगा. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत वाचा व भाषा दोष, श्रवणदोष आणि ऑटिझम येतात. दिव्यांग प्रमाणपत्राची वेळ आली तर कुटुंबाला हे माहीत असू द्या.

पाठवलं म्हणजे झालं नाही. बस बदलून, मजुरी बुडवून जिल्ह्याला जाणं सोपं नसतं. कितीतरी चिठ्ठ्या घरात खुंटीलाच राहतात. पंधरा दिवसांनी विचारा: गेलात का, काय म्हणाले, पुन्हा कधी बोलावलंय? गेले नसतील तर रागावू नका, अडचण काय ती विचारा.

आठवी पायरी: तोवर वर्गात काय करायचं

तपासणीची तारीख मिळायला वेळ लागतो. तोवर हातावर हात ठेवून बसायचं नाही, आणि यातलं काहीही केल्याने कुठल्याच मुलाचं नुकसान होत नाही.

कमी ऐकू येतंय अशी शंका असलेलं मूल पुढे बसवा, पंखा आणि रस्त्याकडच्या खिडकीपासून दूर. फळ्याकडे तोंड करून बोलू नका. सूचना देण्याआधी नाव घ्या, मूल बघेपर्यंत थांबा, मग एका वेळी एकच गोष्ट सांगा. प्रश्न विचारल्यावर मनात पाच आकडे मोजा. आपण सहसा एक मोजायच्या आतच दुसऱ्या मुलाकडे वळतो. ‘कळलं का?’ विचारू नका, सगळी मुलं ‘हो’च म्हणतात. ‘आता काय करायचं ते मला सांग’ म्हणा.

मूल ‘ताता आले’ म्हणालं की ‘अरे वा, काका आले? काका कुठून आले?’ एवढंच म्हणा. बरोबर शब्द त्याच्या कानावर दोनदा पडला. ‘म्हण, का-का’ असा घोष नको. ‘कुत्रा’ म्हणालं तर ‘हो, काळा कुत्रा पळतोय’ असं एक-दोन शब्दांनी वाढवा. एकच गोष्ट आठवडाभर रोज सांगा, चित्रं दाखवून, तेच शब्द वापरून. बडबडगीतं हाताच्या हालचालींसह घ्या. दिवसाचा क्रम चित्रांत भिंतीवर लावा: प्रार्थना, गोष्ट, खाऊ, खेळ, घर.

दुसरी मुलं चिडवत असतील तर ते त्याच दिवशी थांबवा. मुलाची नक्कल मोठ्यांनीही करू नये, कौतुकानेसुद्धा.

शेवटचं काम जूनमधलं. अंगणवाडीतून मूल पहिलीत गेलं की सेविकेची दोन वर्षांची नोंद बहुतेक ठिकाणी अंगणवाडीच्या कपाटातच राहते आणि पहिलीच्या बाई सगळं शून्यापासून शोधू लागतात. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातलं मूल तर दिवाळीच्या सुमारास गाव सोडतं आणि हंगाम संपल्यावर परततं; मधल्या काळात कारखान्याजवळच्या शाळेला त्याच्याविषयी काहीच माहीत नसतं. पालकांच्या परवानगीने वहीचा एक पानी सारांश करा: काय दिसलं, कुठे पाठवलं, काय तपासलं, वर्गात कशाचा उपयोग झाला. एक प्रत पुढच्या शिक्षकांना स्वतः नेऊन द्या आणि एक आईजवळ, रेशनकार्ड ठेवते त्याच पिशवीत ठेवायला सांगा.